तोंडावर उजेड

"बाई विचारतायत, स्वतःबद्दल थोडं सांग," असं ती म्हणाली, आणि चांगलं खणखणीत म्हणाली. टेबलापलीकडे बसलेल्या तिघांनीही दचकून मागे वळून पाहिलं. ही सांगतेय तरी कुणाला? मागे कुणीच नव्हतं. बंद दार होतं, दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती, आणि काचेपलीकडे व्हरांड्यातल्या बाकावर तिचे बाबा मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. तिघं परत वळले. मधल्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाईंनीच तो साधासरळ प्रश्न विचारला होता. त्यांच्या भुवया वर गेल्या त्या वरच राहिल्या. त्यांच्या उजव्या हाताला टायवाले सर होते, ते तिच्याकडे असे बघायला लागले की जणू यादीतलं पुढचं नाव काय आहे ते आत्ताच बघून घ्यावं. डाव्या हाताच्या तरुण माणसानं खाली मान घालून ओठ दाबले. हसू दाबण्याची ती तऱ्हा तिला पहिलीपासून पाठ होती. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. झालं, ती मनात म्हणाली, लागली वाट.

आणि हे नेमकं होऊ नये म्हणून तर केवढा आटापिटा झाला होता! शाळेतल्या गणिताच्या बाईंनी गेले कितीतरी दिवस तिला मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसवून घोटून घेतलं होतं. गणित नव्हे, गणित तिला येतच होतं; घोटून घेतलं होतं ते गप्प बसणं. "मी प्रश्न विचारला की आधी तोंड बंद ठेव," बाई म्हणायच्या. "मग मनात म्हण. मनात! आणि मग उत्तर दे. तू प्रश्नाची दवंडी पिटतेस बघ, ते बंद." विद्यापीठातला हा उन्हाळी गणितवर्ग म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. अख्ख्या देशातून मुलं अर्ज करायची, आणि घ्यायचे ते मोजून एका बसमध्ये मावतील इतके. सहा आठवडे तळ्याकाठच्या वसतिगृहात राहायचं, दिवसभर गणित करायचं, तिथल्या प्राध्यापकांशी वाद घालायचा. तिच्या शाळेतून आजवर कुणीच गेलं नव्हतं. लेखी परीक्षेतून ती पार झाली तेव्हा बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला होता, आणि नंतर तिला बाजूला घेऊन काळजीनं म्हणाल्या होत्या, "आता मुलाखतीत फक्त तोंड सांभाळ गं बाई."

तोंड सांभाळायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? तिच्या घरी तोंड हीच सगळ्यांची मोठी वस्तू होती. बाबा बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला. तिथे धुतलेल्या बाटल्या पट्ट्यावरून हजारोंनी एकमेकींना धडकत जायच्या, आणि त्या खणखणाटात बाबांची उमेदीची सगळी वर्षं गेली. ती रांगायला लागली तोवर त्यांचे कान गेलेले होते. गेले म्हणजे एका दिवशी नव्हे. झिजत झिजत, कुणाला पत्ता न लागता. बाबा स्वतः अजून ते कबूल करत नसत. "कारखान्याचा आवाज बसलाय कानात, निघेल," असं ते म्हणायचे, आणि ते म्हणायचे म्हणजे गर्जायचे, कारण आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. त्यांना साधं 'मीठ दे' म्हणायचं असलं तरी शेजारच्या घरातल्या बाईचा हात मिठाच्या बरणीकडे जायचा. कानात घालायचं एक यंत्र आणलं होतं. ते शिट्या मारायचं. बाबांनी ते दोन दिवस घातलं आणि मग मोज्यांच्या खणात ठेवून दिलं. मोजे काढताना ते अधूनमधून आपलं आपणच शिटी मारायचं आणि आई म्हणायची, "बघा, बोलावतंय तुम्हाला."

मग घरानंच आपली एक रीत पाडून घेतली. कुणी काढली, कधी काढली, ते कुणालाच आठवत नाही. जेवायच्या टेबलाशी बाबांच्या समोरची जागा तिची, दिवा बरोबर तिच्या तोंडावर पडेल अशी. कुणी काही विचारलं की ज्याला विचारलं त्यानं आधी बाबांकडे तोंड करून सांगायचं, काय विचारलंय ते. आणि मग उत्तर द्यायचं. "आई विचारतेय, भाजी कशी झालीय. छान झालीय." "धाकटी विचारतेय, माझी पेन्सिल कुणी घेतली. मी नाही घेतली." बाबा एकदा विचारणाऱ्याकडे, एकदा सांगणाऱ्याकडे बघत जेवायचे आणि योग्य तिथे हसायचे. असं केलं नाही तर ते हसायचे, पण सगळ्यांच्या नंतर, आणि बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून. ते उशिराचं हसू तिला लहानपणापासून बघवायचं नाही. धाकटी लबाड, ती शब्द खायची, नुसतं "पेन्सिल!" म्हणून मोकळी व्हायची. आई दिवसभर दवाखान्यात फोनवर बसून मऊ मऊ आवाजात रोग्यांना वेळा द्यायची, आणि घरी येईपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा. राहता राहिली ही. तेव्हा घरातल्या बहुतेक गोष्टी बाबांपर्यंत हिच्याच तोंडून जायच्या, आणि हिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, शाळेत नाव पडेपर्यंत.

भोंगा! पहिलीत बाईंनी विचारलं, सूर्य कुठे उगवतो? ही उभी राहिली, खिडकीच्या उजेडात तोंड धरलं, आणि गरजली, "बाई विचारतायत, सूर्य कुठे उगवतो. पूर्वेला!" त्या दिवसापासून जे भोंगा पडलं ते अकरावीपर्यंत भोंगाच. तिला त्याचा राग नव्हता. प्रेमाचंच नाव होतं ते, मैत्रिणी गळ्यात हात टाकून म्हणायच्या. पण तिसरी-चौथीत असताना पालकांच्या सभेला जे झालं ते आठवलं की अजून तिला हसू यायचं. वर्गशिक्षिका बाबांना सांगत होत्या, मुलगी हुशार आहे पण वर्गात फार मोठ्यानं बोलते. बाई बोलत होत्या फळ्याकडे तोंड करून, वह्या आवरत. बाबांनी हिच्याकडे पाहिलं. आता आली का पंचाईत! आपलीच तक्रार आपणच सांगायची? तिनं एक क्षण विचार केला, आणि मग घसा खाकरून अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशी सांगितली, "बाबा! बाई म्हणतायत, मी फार मोठ्यानं बोलते!" सगळे पालक हसले. बाबाही हसले, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी. घरी जाताना रस्त्यात ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "खोटं नाही सांगितलंस. शाब्बास." ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेलं.

"ऐकतेयस ना?" पांढऱ्या केसांच्या बाई विचारत होत्या. ती भानावर आली. तिनं स्वतःबद्दल सांगितलं, जे पाठ केलं होतं ते सगळं, शाळा, आवडते विषय, संख्यांचं वेड कसं लागलं. दोनदा ओठांवर आलेलं "बाई विचारतायत" तिनं गिळलं. टायवाल्या सरांनी विचारलं, पाठ्यपुस्तकाबाहेरचं काय वाचतेस? "सर विचा—" इतकं निघालंच. सर म्हणाले, "प्रश्न परत म्हणायची गरज नाही. आम्हाला ऐकू येतं." ते काही वाकडं बोलले नाहीत, सभ्यपणेच बोलले. पण तिला ते वाक्य जरा विचित्र लागलं. आम्हाला ऐकू येतं. ज्यांना ऐकू येतं अशा माणसांशी कसं बोलतात, हे आपल्याला खरोखरच येत नाही की काय, असं तिच्या मनात आलं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीत आल्याआल्या आपण आणखीही एक गोष्ट करून बसलोय. खुर्ची ठेवली होती ती कोपऱ्याकडे, सावलीत. तिनं ती बसायच्या आधी उचलून फूटभर सरकवली होती, बाजूच्या खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या गावीही नव्हतं. तिघं परीक्षक बिचारे टेबल तिरकं करून तिच्याकडे वळून बसले होते.

मग तरुण माणसानं गणित घातलं. तो पहिल्यांदाच बोलत होता आणि त्याचा आवाज इतका हलका होता की तिनं आपोआप त्याच्या ओठांकडे पाहिलं. "समजा, एका समारंभात काही माणसं जमलीयत. कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाशी नाही. शेवटी प्रत्येक जण सांगतो, मी इतक्या जणांशी बोललो. तर ज्यांचा आकडा सारखा आहे अशी निदान दोन माणसं तिथे सापडतीलच, असं म्हणता येईल का? आणि का?" ती गप्प बसली. मनात म्हण, मनात. पण मनात तिला काही म्हणताच येईना. प्रश्न नुसता कानात येऊन बसला होता, आत उतरत नव्हता. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. टायवाल्या सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. आपल्याला येत नाहीये, असं तिला वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं की न यायला काय झालं, असली गणितं आपण ढिगानं केलीयत, मग आज काय झालंय? आणि मग तिला उमगलं की ती गणितं तिनं कुठे केली होती: जेवणाच्या टेबलाशी. बाबांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "काय करतेयस?" हे ते रोज विचारायचे, आणि रीत ती रीत, तिला सांगावं लागायचं. लांबलचक सांगून चालायचं नाही, ओठांवरून गणिताचं तेवढं वाचता येत नाही. लहान करायचं, सोपं करायचं, उलटंसुलटं करून बघायचं, बाबांच्या कपाळावरची आठी जाईपर्यंत. आठी गेली की बाबा "असं होय" म्हणून भाकरीकडे वळायचे, आणि त्यांना काही कळलेलं नसलं तरी हिला कळलेलं असायचं.

"माफ करा," ती म्हणाली, "मला एकदा मोठ्यानं म्हणावं लागेल." आणि टायवाले सर काही बोलायच्या आत तिनं तोंड उजेडात धरलं आणि म्हणाली, "सर विचारतायत, सगळ्यांचे आकडे वेगवेगळे असू शकतात का." तरुण माणूस एकदम ताठ बसला. त्यानं असं विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं सारख्या आकड्यांबद्दल, हिनं ते उलटं करून ठेवलं होतं. पण उलटं केल्याबरोबर तिला पुढचं सगळं दिसायला लागलं. "समजा सहा जण आहेत," ती बोलत सुटली. "स्वतःला सोडून पाच. म्हणजे कुणी शून्य जणांशी बोललं असेल, कुणी एकाशी, असं करत पाचापर्यंत. सहा आकडे, सहा माणसं. सगळे वेगळे हवेत तर प्रत्येक आकडा कुणाच्या तरी वाट्याला येणारच. म्हणजे एक जण असा, जो सगळ्यांशी बोलला. आणि एक असा, ज्याच्याशी कुणीच बोललं नाही." इथे ती थांबली. तिला मावशीचं घर दिसलं, गच्च भरलेलं, सगळे नातेवाईक एकाच वेळी बोलतायत, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा, हातात थंड झालेला चहा, सगळ्यांच्या तोंडांकडे पाळीपाळीनं बघत. कुणीही वाईट वागत नव्हतं. फक्त त्यांच्याकडे तोंड करून बोलायचं कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. आणि ती, तेव्हा नऊ-दहा वर्षांची, या काकूकडून त्या मामाकडे, आणि प्रत्येक गोष्ट घेऊन परत बाबांकडे. "पण असं होऊच शकत नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा हलला. "जो सगळ्यांशी बोलला, तो त्याच्याशीही बोलला असणार. मग त्याचं शून्य कसं राहील? ते दोघं एका खोलीत असूच शकत नाहीत. किती का माणसं असेनात."

तरुण माणूस हसला. या वेळी ओठ न दाबता. "बरोबर," तो म्हणाला. टायवाल्या सरांनी काहीतरी लिहिलं. पण पांढऱ्या केसांच्या बाई अजून तिच्याकडेच बघत होत्या. "तू प्रश्न परत म्हणतेस," त्या म्हणाल्या, "पण आम्हाला सांगितल्यासारखा नाही. दुसऱ्याच कुणाला तरी. कुणाला गं?" आता हे कुठे पाठ केलेलं होतं? तिनं सांगून टाकलं, थोडक्यात. बाबांना ऐकू येत नाही, घरची सवय आहे. बाई "हं" म्हणाल्या. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारतात आणि ज्याचं उत्तर गणिताच्या बाईंनी तिच्याकडून सर्वात जास्त वेळा म्हणून घेतलं होतं: "इथे का यायचंय तुला?" उत्तर तयार होतं. मला गणिताची गोडी आहे, समविचारी मुलांबरोबर, वगैरे वगैरे. खोटंही नव्हतं ते. पण तिच्या डोळ्यांपुढे गणित आलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे आलं तिच्या मैत्रिणीचं घर.

त्या घरी ती पहिल्यांदा गेली तेव्हा मैत्रिणीची आई ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून काही चिरत होती, आणि मैत्रीण आतल्या खोलीत कपाट आवरत होती, आणि दोघी बोलत होत्या. न बघता. एकमेकींकडे पाठ, मधे भिंत, आणि आवाज तर इतका लहान की हिला अर्धं कळलं नाही. "डबा दिलास का?" "हो." इतकंच. ही दारात चप्पल काढता काढता तशीच उभी राहिली. माणसं पाठ फिरवून बोलू शकतात! दिवा घालवून बोलू शकतात, तोंडात घास असताना, डोकं पुसताना. तिच्या घरी दिवा गेला की बोलणं गेलं. तिच्या घरी बोलायचं म्हणजे हातातलं टाकून यायचं, समोर उभं राहायचं, तोंड दाखवायचं, आणि मोठ्यानं. त्या दिवसापासून तिला एक चटक लागली. ती एकटी असली की हळू बोलून बघायची, आंघोळीला गेल्यावर, जिन्यात. तिला स्वतःचा तो आवाज अनोळखी वाटायचा आणि फार आवडायचा.

"मला हळू बोलून बघायचंय," ती म्हणाली. आणि म्हणाली ती कशी? खणखणीत, तोंडावर उजेड घेऊन, प्रत्येक शब्द सुटा सुटा. दुसरं काही तिला येतच नव्हतं. "घरी मी कधी हळू बोललेच नाहीये. सहा आठवडे तरी कुणाला काही परत सांगायला लागू नये, असं वाटतं. मी बाबांवर खूप... ते फार चांगले आहेत. पण कधी कधी मला त्यांचा कंटाळा येतो. दमायला होतं. आणि मी गेले तर त्यांना सांगणार कोण, म्हणून जावंसंही वाटत नाही. पण जायचंय." हे सगळं बाहेर पडलं आणि मग तिनं ते ऐकलं. देवा! हे मी काय बोलले? आणि त्याच क्षणी, जे तिला खोलीत आल्यापासून दिसत होतं पण कळत नव्हतं, ते कळलं: परीक्षकांच्या मागे दार होतं, दाराला काच होती, आणि काचेतून तिचं उजळलेलं तोंड बाकावरून स्वच्छ दिसत होतं.

आता बाबांना ओठ वाचता येतात म्हणजे किती येतात, ते सांगायला हवं. कारखान्यात सगळ्यांनाच यायचं. त्या खणखणाटात दुसरा उपायच नव्हता. बाबा आणि त्यांचा फोरमन मित्र रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून, मधून गाड्या जात असताना, आवाज न काढता अर्धा अर्धा तास गप्पा मारायचे, आणि येणारेजाणारे त्यांना खुळे समजायचे. लहानपणी तिचा सर्वात आवडता खेळ तोच होता: बसथांब्यावर उभं राहून समोरच्या बसच्या खिडकीतली माणसं काय बोलतायत ते बाबांनी सांगायचं. "तो म्हणतोय, भावाला नोकरी लागली. ती म्हणतेय, मला आधीच माहीत होतं." ही टाळ्या पिटायची. पण एकदा खिडकीत एक बाई रडत रडत शेजारच्या माणसाला काही सांगत होती, आणि हिनं बाही ओढली, "काय म्हणतेय? काय म्हणतेय?" तर बाबांनी मान वळवली आणि दुकानाच्या पाटीकडे बघत राहिले. "ते आपल्यासाठी नाही," ते म्हणाले. "आपल्यासाठी नाही ते बघायचं नाही." त्यांना कानांवर हात ठेवायची सोय नव्हती. ऐकायचं नसलं की ते मान वळवायचे, एवढंच.

तिनं काचेकडे पाहिलं. बाबांची मान वळलेली होती. ते व्हरांड्याच्या टोकाकडे बघत होते, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. एक बादली होती आणि पुसणं टाकलेली काठी. मान कधी वळली? पहिल्या वाक्यानंतर? शेवटच्या? की आधीपासूनच ते तिकडे बघत होते, कंटाळून, कुणीही बघेल तसे? तिला कळायला काही मार्ग नव्हता. ती त्या वळलेल्या मानेकडे बघत राहिली, आणि पांढऱ्या केसांच्या बाई काय म्हणाल्या ते तिला ऐकूच आलं नाही. "काय?" ती म्हणाली. बाईंनी पुन्हा सांगितलं. "म्हटलं, तळ्याकाठी संध्याकाळी गारवा असतो. स्वेटर आण. आणि तिथे सगळे फार हळू बोलतात बरं का, सुरुवातीला तुला ऐकू येणार नाही." टायवाले सर म्हणाले, "मॅडम, यादी अजून..." "लागेल, लागेल यादी," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. तिला समजायला एक क्षण लागला. मग समजलं. जे हवं म्हणून इतके दिवस तळमळ झाली ते असं सहज समोर आलं. तिनं खुर्ची उचलून परत सावलीत जागच्या जागी ठेवली, नमस्कार केला, आणि दार उघडलं.

बाबा उठून उभे राहिले. एरवी त्यांनी तिथूनच "काय म्हणाले!" अशी आरोळी ठोकली असती आणि अख्खी इमारत दारांतून डोकावली असती.  आज त्यांनी नुसती पिशवी खांद्याला लावली आणि दोघं जिना उतरून रस्त्यावर आली. रस्त्यावर वर्दळ होती, रिक्षा, बसगाड्या, कुणाचं तरी रस्ता खोदणं चाललेलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर त्यांनीही तिच्याकडे बघितलं असतं, आणि मग काहीतरी बोलावं लागलं असतं. दोघं तशीच चालत राहिली. तिला वाटलं, आत्ता ओरडून सांगावं की बाबा, ते तसं नव्हतं. पण ते तसंच होतं, तेही होतं आणि दुसरंही होतं, आणि ते दोन्ही ओठांवरून वाचता येईल इतकं लहान कसं करायचं, हे तिला पहिल्यांदाच जमेना.

कोपऱ्यावर सिग्नलशी थांबली तेव्हा तिनं वर पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. ते तिच्याशीच बोलत होते, आणि तिला काहीही ऐकू येत नव्हतं. आधी तिला वाटलं वर्दळीमुळे. ती जवळ सरकली, तरी नाही. तिनं ओठ वाचले. कसं झालं? असं ते विचारत होते. आवाजाशिवाय. "बाबा?" ती म्हणाली. "मोठ्यानं बोला ना! ऐकू येत नाहीये!" आजूबाजूचे चार लोक वळले. बाबांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मोकळा झालेला हात आपल्या गळ्यावर ठेवला, बोटं पसरून, कंठाच्या बाजूला, आवाज आत किती हलतोय ते चाचपत. त्यांचे ओठ पुन्हा हलले.

"आता?" ओठ म्हणाले. तिनं मान हलवली, नाही. त्यांनी जरासा जोर लावला. "आता?" नुसती हवा आली. "आता?" एक घोगरी, तुटकी खरखर, लगेच विरली. सिग्नल सुटला, लोक दोघांना वळसा घालून पुढे गेले, एकानं "अहो, बाजूला व्हा" म्हटलं, तेही त्यांनी पाहिलं नाही, कारण ते फक्त तिच्याकडे बघत होते. "आता?" थोडं वर. "आता?" आणखी थोडं. आणि मग एकदम तो आला. खालचा, उबदार, जरा थरथरणारा, जवळ उभ्या असलेल्या एकाच माणसाला ऐकू जावा इतकाच. जन्मल्यापासून तिनं बाबांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. हा त्यांच्यात होता, इतकी वर्षं होता, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिनं मान डोलावली, जोरजोरात, हो, हो, इतकाच.

"इतकाच," बाबा त्या आवाजात म्हणाले, आणि गळ्यावरची बोटं तशीच दाबून धरली, जागा सापडली ती हलू नये म्हणून. "आता सरावानं जमेल. जा तू."